काचा पुसणाऱ्याचे फोटो

५ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक. गुडघा म्हणतो बस, जिना म्हणतो उतर, असं चाललंय. तू सांगितलेला तो फोटोवाल्याचा माहितीपट बघितला. खालच्या सायकलवाल्याने त्याच्या फोनमधून माझ्या टीव्हीवर आणून दिला, कसा ते त्यालाच ठाऊक. कानाचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, त्यामुळे ऐकायच्या नावाने शून्य. खाली अक्षरं यायची, पण मी एक शब्द लावेपर्यंत ओळ पळालेली. म्हटलं जाऊ दे, चित्रं बघू.

काय माणूस गं. फोटो काढायला शिडी घेऊन हिंडतो. वरून लोकांची टकलं काढलीत, छत्र्या काढल्यात. बरोबर बादलीही असते, ती कशाला ते कळलं नाही. एकात बसथांब्यावर माणूस जांभई देतोय आणि त्याच्या पायाशी कुत्रंही. बघताबघता मलाही जांभई आली. एका दुकानाच्या काचेत तो स्वतःच दिसतो, गालातल्या गालात हसणारा. मग एक म्हातारी पलंगाखालून खोकी ओढते आणि बडबडत राहते. बायको असणार, पसाऱ्याला वैतागलेली. शेवटी मोठ्या दालनात भिंतभर त्याचे फोटो आणि बघायला ही गर्दी. नशीब काढलं बाबाने.

आता मुद्द्याचं. तू कॅमेरा विकायला काढलास असं तुझ्या आईने कळवलं. मी विचारलं तर तू लिहिलंस, हा माहितीपट बघ म्हणजे कारण कळेल. बघितला, आणि काहीच कळेना. इतका सुखी माणूस बघून कोणी कॅमेरा विकतं का?

उलट टपाली लिही. वेळेवर जेवत जा.
तुझी आजी

१२ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसले. आजी, तो काचा पुसणारा होता. शिडी-बादली पोटासाठी. म्हातारी त्याची बहीण. आणि दालनातली गर्दी तो गेल्यानंतरची. जन्मभर फोटो काढले, जिवंतपणी एकही कोणी पाहिला नाही.

माझंही तेच होणार. दिवसभर स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढते. हनुवटी वर, हसू नका, पुढचे या. सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर काढलेले फोटो मासिकांना पाठवले, प्रदर्शनवाल्यांना पाठवले. नको म्हणायचेही कष्ट कोणी घेतले नाहीत. खोकी भरून पडलीत. महिनाअखेरीस कॅमेऱ्याला गिऱ्हाईक येतंय. रागावू नकोस, आहे तो लोभ राहू दे.

तुझी खारूताई

१९ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

यंत्र दुरुस्त होऊन आलं. आता खालच्या सायकलींच्या घंट्याही ऐकू येतात, त्या नव्हत्या तेच बरं होतं. माहितीपट पुन्हा लावून घेतला. या खेपेला कान देऊन ऐकला आणि वाईट वाटलं. दोन दिवस त्या माणसाशिवाय डोक्यात काही नव्हतं, दूधसुद्धा उतू घालवलं.

पण त्या बहिणीचं बोलणं तू ऐकलंस का नीट? ती सांगते की तो तिच्या शेजारच्याच खोलीत राहायचा. हिने विचारलं, काय एवढं काढतोस रे, की म्हणायचा, तुला काय कळतंय त्यातलं. ही म्हणायची बरं, आणि आपल्या कामाला लागायची. आता खोकी उघडली तर त्यात हिच्याच खिडकीचे पडदे, हिचाच कपडे वाळत घालणारा हात. ती म्हणते, दाखवले असते तर बघितले असते की. असं म्हणून खोक्याचं झाकण उगाच लावत राहते.

खारूताई, तू सुट्टीला येतेस तेव्हा तो कॅमेरा गळ्यात असतो. मी विचारते काय काढलंस, तू म्हणतेस, काही नाही गं आजी, असंच रस्त्यावरचं. लहानपणी चिंचोके लपवायचीस म्हणून तुझं हे नाव पाडलं, ती खोड काही गेली नाही. मासिकांना पाठवलेस, प्रदर्शनवाल्यांना पाठवलेस. माझा पत्ता तुला पाठ आहे.

विकायचा तर विक, वस्तू तुझी. पण कोणी बघत नाही म्हणतेस ना, त्या 'कोणी'मध्ये मला धरू नकोस. गिऱ्हाइकाला थोपव आणि आधी फोटो पाठव.

तुझी आजी

६ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकीट पोचलं, गिऱ्हाइकाला थोपवलंस तेही वाचलं. चष्मा धुऊन खिडकीशी बसले. खरं सांगू, निम्मे नाही आवडले. नुसत्या भिंती कशाला काढतेस? भिंत काय पळून जाणार आहे?

पण पायऱ्यांवर बसून चपलेतला खडा काढणारी ती बाई. तोंडावर असा भाव, की जगातलं सगळं काम नंतर, आधी हा खडा. कुठे भेटली तर हाक मारीन तिला. सायकलवाल्याला दाखवला तर तेलाचे हात पाठीमागे बांधून उभ्या उभ्या बघत बसला, गिऱ्हाईक खोळंबलेलं. मग त्याची बायको आली, ती म्हणे भिंतीच चांगल्यात. यावरून दोघांचं जुंपलं, अजून धुसफूस चालू आहे.

खडा निघाल्यावर ती बाई उठून कुठे गेली? तो फोटो असेल तर पाठव. नसेल तर सुट्टीच्या दिवशी त्या पायऱ्यांशी जाऊन उभी राहा. ती नाही तर दुसरं कोणी बसलेलं असेल.

लोभ आहेच, तो वाढवायला नको. पाकिटं वाढव.

तुझी आजी