मिस्त्रींच्या मायची बाज

बाबा, मिस्त्रींच्या मायबद्दल आपण दोघं पुन्हा कधी बोललोच नाही. ती गेल्यानंतर तुम्ही अकरा वर्षं होतात, रोज सकाळी आपण समोरासमोर बसून चहा घ्यायचो, साऱ्या खामगावची उणीदुणी काढायचो, पण तो विषय जवळ आला की तुम्ही वर्तमानपत्र उघडायचात आणि मी कपबशा उचलायचे. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. माझी पंच्याहत्तरी उलटली तरी जुने अशील पिच्छा सोडत नाहीत. परवा त्यातल्याच एकाचा फोन आला. दुबईत धंदा, इथे आई दवाखान्यात, आणि विचारतो काय, तर या वर्षात भारतात राहायचे माझे किती दिवस उरले? मी पासपोर्टवरचे शिक्के मोजून त्याला आकडा सांगितला, अगदी तुमच्यासारखा, कोरडा आणि अचूक. फोन ठेवला आणि मला रडूच कोसळलं.

आपलं वकिलीचं ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. तिथे सरकीवाले, तेलगिरणीवाले, अडते येऊन बसायचे आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर तुमच्या कागदांच्या नकला करायचे. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते, अक्षर बरं होतं, आणि तुम्हाला कारकून परवडत नव्हता म्हणा किंवा पटत नव्हता म्हणा. मिस्त्री मूळ पिंपळगाव राजाचे. खामगावच्या कापसाच्या जिनात फिटर होते, एका शेठबरोबर इंजिनं दुरुस्त करायला युगांडात गेले आणि पाहता पाहता तिकडे स्वतःचं जिन उभं केलं. मालक झाले तरी गावाच्या लेखी मिस्त्रीच राहिले. त्यांची माय इकडे जिनांच्या मागच्या गल्लीत एकटी राहायची. घर तिचं, खर्च मुलाचा. मिस्त्री दोन वर्षांतून एकदा बोटीनं यायचे आणि अठ्ठावीस दिवस झाले की निघायचे. गावाला वाटायचं, केवढा कामाचा माणूस. खरं कारण मिस्त्रींना आणि आपल्या दोघांनाच ठाऊक होतं.

त्या वर्षी ते आले तेव्हा माय फार खालावली होती. अकोल्याच्या डॉक्टरनं हृदय थकलंय, काही महिने काढेल असं सांगितलं होतं. मिस्त्रींना तीन महिने राहायचं होतं. तुम्ही खुर्ची पुढे ओढून त्यांना समजावताय, मला आत्ताही दिसतंय. "हे पाहा मिस्त्री, इथं तुमच्यासाठी घर राखून ठेवलं असंल, अन् वर्षात तुम्ही तीस दिवस इथं राह्यले, तं सरकार तुमाले इथलाच रहिवासी धरते. मंग तिकडच्या जिनची कमाईबी इथं दाखवा लागते."

"तिकडं कर भरून राह्यलो ना मी. दोन्हीकडं भरू काय?"

"कायदा हाय. घर नसतं तं जवळपास सहा महिने राह्यले असते, कोनी काही म्हनलं नसतं."

असं ते होतं. मुलासाठी घर असेल तर त्याला महिनाभरही राहता येत नव्हतं, आणि घर नसेल तर जवळपास अर्धं वर्ष राहता येत होतं. तुम्हाला यात काही विचित्र वाटलं नाही. तुम्ही ताबडतोब मला मायच्या नावाचं प्रतिज्ञापत्र सांगायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी माय आली. मी तिला वाचून दाखवलं, "माझ्या राहत्या घरात माझ्या मुलाकरिता राहण्याची कोणतीही सोय ठेवलेली नाही." तिनं मला पुन्हा वाचायला लावलं.

"हे कोनं लिवलं वं पोरी?"

"बाबांनी सांगितलं, मी लिवलं."

"त्याची बाज हाय ना घरात. दर दिवाळीले गादी पिंजून आनत असते शेजारचा पोरगा. मंग नाही कशी म्हनू? मरतेवेळी खोटं बोलाव काय?"

बाबा, तुमच्या ऑफिसात खोटा कागद झाला नाही, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. तुम्ही तिला म्हणालात, "आजी, खोटं लिवून द्याचंच नाही. आधी घरात तसं करा, मंग अंगठा द्या." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग विचारलं, "बाज काढली तं तो तीन महिने राह्यते?"

"राह्यते."

"घरात?"

"घरात नाही. गावात."

"गावात तं गावात," ती म्हणाली. "दिसंल तरी."

तीन दिवसांनी तुम्ही मला तिच्या घरी पाठवलंत, सगळं कागदाबरहुकूम आहे का ते बघायला. बाज शेजाऱ्याकडे गेली होती, गादी कुणाला तरी देऊन टाकली होती, मागची खोली बाजारातल्या एका मापाऱ्याला भाड्यानं दिली होती. भिंतीत एक ताजं भोक होतं, खाली जमिनीवर थोडा चुना पडलेला. मी तिकडे बघते आहे हे तिनं पाहिलं. "तिथं त्याचा सदरा राह्यत जाय," ती म्हणाली. "वकीलसायेबाले सांग, खिळाबी नाही ठेवला." मी खाली मान घालून घरी आले आणि तुम्हाला फक्त "सगळं बरोबर आहे" एवढंच सांगितलं.

संध्याकाळी मिस्त्री आले होते. मला राहवलं नाही. मी कोपऱ्यातून म्हटलं, "बाबा, यांनी रात्री आईजवळ चटईवर अंग टाकलं तर काय बिघडतं?" तुम्ही वळून बघितलंत. "तुले इथं नकल कराले बसवलं, अक्कल शिकवाले नाही. उद्या इन्कम टॅक्सचा इन्स्पेक्टर येते, शेजारी सांगतात मानूस रोज इथंच झोपते, मंग काय सांगशीन?" परक्या माणसासमोर. मी टाक तिथेच टाकला आणि आत निघून गेले. आईनं समजूत काढली, तुम्ही नाही काढलीत.

मिस्त्रींनी स्टेशन रोडवर लॉजमध्ये खोली घेतली. सकाळी उठून आईकडे जायचे, दिवसभर तिच्यापाशी बसायचे, ती धापा टाकत का होईना पण भाकर स्वतःच थापायची, आणि जेवणं झाली की हे चपला घालायचे. कॉलेजातून येताना मी त्या गल्लीवरून वाट वाकडी करून यायचे. एकदा बघितलं, माय दारात उभी होती, आणि मिस्त्री वळणापर्यंत तीनदा मागे वळून बघत होते. गल्लीतली माणसं हसायची, लोकांना काय, म्हातारीनं लेकाला घराबाहेर काढलं म्हणायची. हे ती ऐकून घ्यायची.

दोन महिने आणि वर काही दिवस असे गेले. मग एका सकाळी मापारी धावत लॉजवर गेला. तो पाणी भरायला उठला तेव्हा माय गार पडली होती. रात्री दोनदा तिनं मुलाला हाक मारली, असं तो सांगत होता, पण झोपेत बोलते आहे असं वाटून तो उठला नाही. त्याचा काय दोष, तो भाडेकरू. मिस्त्री पोचले तेव्हा बायकांनी तिला खाली घेतलं होतं. तुम्ही गेलात, मीही तुमच्या मागून गेले. त्यांच्या पायात चपलासुद्धा नव्हत्या, स्टेशनपासून अनवाणी आले होते.

मायचे दिवस झाल्यावर मिस्त्री निरोप घ्यायला आले. "वकीलसायेब, काम पक्कं केलं तुमी. कोनी काही विचारलं नाही," असं म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं. खरंच कुणी काही विचारलं नाही. नोटीस नाही, इन्स्पेक्टर नाही, ते प्रतिज्ञापत्र कुणी उघडूनही पाहिलं नाही. पुढे काही वर्षांत आपल्या लोकांना युगांडातून नेसत्या कपड्यांनिशी निघावं लागलं आणि ज्या कमाईसाठी हा सगळा खटाटोप केला ते जिनही गेलं. ती बातमी तुम्ही वाचलीत त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मिस्त्री इंग्लंडला गेल्याचं ऐकलं, पुन्हा खामगावला आले नाहीत. आणि एक तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेल्यावर पाचेक वर्षांनी ते घराचं आणि तीस दिवसांचं कलमच काढून टाकलं. मी तेव्हा पुण्यात नवी नवी प्रॅक्टिस करत होते. ती ओळ वाचली आणि तुम्हाला तार करावी असं मनात आलं, मग आठवलं.

मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्यामुळेच तिला लेकाचा सहवास दुप्पट मिळाला, हेही तितकंच खरं आहे. हे पत्र मी कुठे टाकणार? लिहून झालं की फाडून टाकीन, मुलांच्या हाती पडायला नको. पण एक लिहिते, त्यासाठीच तर बसले. तुम्ही मला रागावलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही कोर्टात गेल्यावर, तुमची चूक काढायची म्हणून मी आयकराचं ते जाड पुस्तक काढलं आणि ते कलम तीनदा वाचलं. अर्ध्या वर्षाच्या वर त्याच्यासाठी घर राखलेलं असलं पाहिजे, असं त्यात होतं; रात्री तो कुठे झोपला, याबद्दल एक शब्द नव्हता. बाज गेली, खोली भाड्यानं गेली, अंगठा झाला, मग आजारी आईच्या उशाशी मुलानं काही रात्री चटई टाकली तर त्यात काहीच अडत नव्हतं. तुम्ही भिऊन बोललात, वाचून नाही. तुमच्यापुढे पुस्तक ठेवलं असतं तर तुम्ही मानलं असतं, तेवढे तुम्ही सरळ होतात. पण मी ठरवलं होतं की आधी तुम्ही माझ्याशी नीट बोलायचं, मग मी सांगेन. तुम्ही बोलला नाहीत, आणि मी पुस्तक जागेवर ठेवलं. मी रुसले होते, बाबा.