चोरीला काही गेलं नाही

३ जून

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क खूश आहे. इलेक्ट्रॉनिक कुलपांचा कारखाना. त्यांच्या सॉफ्टवेअरमधले दोष शोधणं हे माझं काम. इमारतीत एकाही दाराला चावीचं भोक नाही. ती सगळी कारखान्यातल्या जुन्या मिस्त्रीकाकांनी बुजवली. भोक ठेवलं तर आपलाच आपल्यावर विश्वास नाही असं दिसतं, असं साहेबांचं मत. घरी आईला सांगितलं, तर म्हणाली, म्हणजे कुलूप रुसलं की कुणाच्या पाया पडायचं?

साहेबांना त्यांच्यामागे सगळे फौजदार म्हणतात. दोष कुठलाही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: चोरीला काय गेलं? काही गेलं नसेल तर पिवळा शिक्का, म्हणजे सवडीने बघू.

११ जून

मोठा दोष सापडला. कार्ड दाखवलं की कुलूप त्यावरची डिजिटल सही तपासतं. ते गणित आम्ही लिहिलेलं नाही, त्यासाठी एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला कोड, वापरतो. तिला मध्येच एक वर्गमूळ काढावं लागतं. सहीतले आकडे मुद्दाम वाकडे दिले तर ते मूळ अस्तित्वातच नसतं, आणि ती शोधतच राहते. कुलूप हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. निळा दिवा लुकलुकतो. मग खरं कार्डही चालत नाही, आतूनही नाही. शिवाय आमची कुलपं पाहिलेली सही एकमेकांना पाठवतात, म्हणजे एक अडकलं की इमारतीतली सगळीच अडकणार.

लायब्ररीची दुरुस्त आवृत्ती आलेली आहे. बसवायला एक दुपार पुरे.

१२ जून

चोरीला काय गेलं? काही नाही, पण माणूस आत अडकेल, मी म्हटलं. यावर फौजदार म्हणाले, "अहो बाई, मग तर कुलूप फारच मजबूत निघालं की!" सगळे हसले. पुरावा म्हणून वाकड्या सहीचं कार्ड करून नेलं होतं. ते त्यांनी न बघता खिशात टाकलं. पिवळा शिक्का.

अंगाचा तिळपापड झाला. हा राग दोषाचा, की माझं ऐकलं नाही याचा? खरं सांगायचं तर दोन्हींचा. पण म्हणून दोष खोटा ठरत नाही.

१९ जून

कुलपं विकत घेणारे पाहुणे येणार आहेत, ते येऊन जाईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही म्हणे फौजदार. मी त्यांच्यावर ओरडले. आवाज चढला याची लाज वाटली, मग लाज वाटली याचाच संताप आला. मिस्त्रीकाका हळूच म्हणाले, भिंतीशी भांडून घसा बसतो बाई.

२४ जून

गरम खोलीत आहे. कुलपं उन्हात टिकतात का, ते इथे तापवून बघतात. दार कुलूपबंद झालं की हीटर सुरू, उघडलं की बंद. आत कुणी असलं तर दार उघडं ठेवायचं असतं. मी मांडणीमागे कुलपं लावत होते. फौजदारांनी आत न बघता पाहुण्यांसाठी बाहेरून दार लोटलं, आणि ते कुलूपबंद झालं.

खोटं कार्ड कसं नाकारतात ते दाखवायचं होतं त्यांना. खिशातून काढलं ते मी केलेलं वाकड्या सहीचं कार्ड. मी दाराची काच बडवली. त्यांनी हसून हात हलवला—

निळा दिवा.

आता त्यांचं खरं कार्ड लावतायत. पुन्हा. पाहुण्यांकडे बघून हसतायत. माझंही चालत नाही. फोन या भिंतींत मुका.

वीज तोडावी, तर मेन स्विचच्या खोलीलाही तेच कुलूप. मूर्ख माणसा, तेच—

तापमानाच्या नोंदी करायला आज हीच वही आत आणली होती. आकडा लिहिणार नाही. हात चिकटतोय.

आई वाट बघत—

मिस्त्रीकाका आले. हातोडा आहे. दारावरून बोट फिरवतायत, बुजवलेलं भोक शोधतायत. रडतायत का?

दार वाजतंय. हलत नाही. दिवा अजून शोधतो—

फौजदार काकांचा हात धरून काहीतरी विचारतायत. ऐकू येत नाही, पण ते ओठ मला पाठ आहेत. चोरीला का—