आत ऐकू जाईल असं वाच

४ मे
मावशीकडे पोचले. ती स्टेशनवर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेऊनच आली होती. लोकांना गाडी शिकवून शिकवून तिचा पाय घरातसुद्धा ब्रेकवर असतो. मी जिना उतरायला लागले की खालून ओरडते, "सावकाश! वळण आहे!" मला माडीवरची खोली दिली आहे. खिडकीशी टेबल, नवी कोरी चादर, भिंतीला ताज्या रंगाचा वास. छान आहे सगळं. बाबा जहाजावर आहेत, ते थंडीत येतील. आई जाऊन आता बरेच महिने झाले आणि मी अजून रडलेले नाही. मावशी म्हणते, रडू काय, यायचं तेव्हा येईल, तू आधी जेवून घे.

७ मे
नव्या शाळेत साहित्याच्या वरच्या वर्गात प्रवेश मिळाला. वर्ग सुट्टीनंतर सुरू होणार, पण सुट्टीत एक जाडजूड कादंबरी वाचून संपवायची आहे. दीपगृहाच्या रखवालदाराची, त्याच्या बायकोची आणि मुलीची गोष्ट आहे. शाळा बंद असल्यामुळे साहित्याच्या बाई त्यांच्या घरीच वाचन घेतात. मावशी खूश झाली. दिवसभर तोंड मिटून बसण्यापेक्षा चार शब्द मोठ्याने वाचशील तरी, म्हणाली.

१२ मे
बाईंचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. हॉलमध्ये वेताच्या खुर्च्या, संथ पंखा. आम्ही तिघंच. एक मुलगा, त्याला सगळे लंबू म्हणतात. एक डॉक्टरांची मुलगी. आणि मी. बाई फार मायेने बोलतात. आतल्या खोलीचं दार त्यांनी बोटभर उघडं ठेवलं होतं. म्हणाल्या, ही माझ्या मुलीची खोली. तीही याच वर्गात होती. सुट्टीतलं हे पुस्तक अर्ध्यावर असतानाच आजारी पडली आणि गेली. तुम्ही वाचाल ते आत ऐकू जाईल असं वाचा, म्हणजे तिचं राहिलेलं पुरं होईल. डॉक्टरांच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गेलेल्या माणसासाठी लोक काय काय करतात.

लंबूने वाचलं. त्याचा आवाज भरदार आहे. पंख्याच्या वरताण.

१९ मे
लंबूचा घसा बसलाय. वाचताना ओळीच्या मध्येच आवाज विरत गेला, नळाचं पाणी जातं तसा. बाई म्हणाल्या, राहू दे बाळा, तू भरपूर दिलंस.

दिलंस, असंच म्हणाल्या.

२३ मे
लंबूची आई भेटली. म्हणाली, घशात काहीच दोष नाही, पण मुलाच्या तोंडून हूं की चूं नाही.

आज डॉक्टरांची मुलगी वाचत होती. पान उलटायला थांबली, तेव्हा आतून मागची ओळ ऐकू आली. लंबूच्या आवाजात. पण अडखळत, लहान मूल जोडाक्षरं लावतं तशी. ती पुस्तक टाकून पळाली. बाई उठल्यासुद्धा नाहीत. मला म्हणाल्या, आता तू वाच.

मी वाचलं. घाबरायला हवं होतं, हे कळत होतं. गार काचेला हात लावावा तेवढंच वाटलं.

२८ मे
डॉक्टरांच्या मुलीला तिच्या आत्याकडे पाठवलंय. आता मी एकटीच जाते.

आज कादंबरीतली आई मेली. मी कोरड्या आवाजात वाचत गेले. आतून हुंदके आले. खोल, एकामागून एक. मी वाचायचं थांबले आणि ऐकत बसले. माझं रडणं कुणीतरी रडत होतं. मला परत जायचंय तिथे.

३१ मे
लंबू बाईंच्या फाटकाशी उभा होता. माझं मनगट धरलं, जोरजोरात मान हलवली. तोंड उघडलं, त्यातून नुसती हवा. मी हात सोडवून आत गेले.

३ जून
वाचताना "आई" हा शब्द आला. ओठ हलले, आवाज नाही. पुन्हा प्रयत्न केला. नाही.

आतून माझ्या आवाजात कुणीतरी हलकेच म्हणालं, "आई."

बाई धावत आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी पुस्तक मिटलं. मग घरी आले.

५ जून
आवाज पूर्ण गेला. डॉक्टर म्हणाले घसा चांगला आहे, दुःख साचलं की असं होतं. मी मावशीला सगळं कागदावर लिहून दाखवलं. तिने वाचलं, ओठ घट्ट मिटले आणि गाडीची किल्ली उचलून थेट बाईंकडे गेली.

परत आली. आतली खोली रिकामी आहे, म्हणाली. पलंग, खिडकी सताड उघडी, बाकी काही नाही. बाई जमिनीवर बसून होत्या. हसत होत्या. मुलगी बाहेर गेलीय, म्हणत होत्या. मावशीने माझं डोकं मांडीवर घेतलं. तू पुन्हा तिकडे जायचं नाहीस, म्हणाली. बिचारीचं डोकं फिरलंय.

खिडकी सताड उघडी.

६ जून, दुपार
मावशीने खालून हाक मारली, "काय गं, जेवायला येतेस ना?"

"आले, मावशी!"

मी नाही. मी टेबलाशी आहे. दाराच्या पलीकडून, जिन्याच्या वरच्या पायरीवरून—

मावशी खाली रडतेय. आनंदाने. आवाज आला गं बाई माझ्या लेकीचा, म्हणतेय.

दार उघडत नाही. बाहेरून कुणीतरी धरलंय. आता पावलं उतरताहेत. सावकाश, वळण आहे, मावशी म्हणाली. कुणीतरी खळखळून हसलं. मी असं हसत असे. आई असताना.

तरी दार— कडी सरकते, दार नाही—

मावशीला ती दिसत असेल ना? काय दिसत असेल?

ताटं मांडली. खुर्ची सरकली. दोघी बोलताहेत. मी दारावर मुठी मारतेय, मधेच हे लिहितेय, दुसरं काय करू. हाताला काही जाणवतच नाही—

आता भीती वाटतेय. खूप. पहिल्यांदाच

मावशीला ऐकू गेलं. बोलणं थांबलं. वर कोण आहे गं, तिने विचारलं.

आणि माझा आवाज तिला शांतपणे सांगतोय, कुणी नाही मावशी, वर कुणीच—