आधाराची पाटी

२ जून
आजपासून मी गुंतवणूकदार. युद्धामुळे देश सोडून आलेल्या शिंपीणबाईंना आपलं गॅरेज दुकानासाठी दिलं, मशीनही घेऊन दिलं. नफ्यात वाटा. दुकान चाललं नाही तर बाईंना लेकीला घेऊन पुन्हा छावणीत जावं लागेल. पण मी असताना चालणार नाही असं होईलच कसं? वर्षभरात तीन शाखा. ही म्हणाली, आधी कळस मग पाया. बायकोला व्हिजन नाही.

५ जून
पँट आखूड करणं, चेन बदलणं, एक पडदा. गिऱ्हाईक येतंय, बाई खूश. मी नाही. या वेगाने शाखा कधी व्हायच्या? उद्यापासून रोज दुपारी मेंटॉरिंग.

६ जून
मेंटॉरिंग राहिलं. डोळा लागला.

९ जून
पाटी बदलली. आधी नुसतं 'शिलाईकाम' होतं. कोण ढुंकून बघणार? आता लालभडक अक्षरांत: 'निर्वासित भगिनीला आधार द्या'. बाईंनी अक्षरं जुळवत वाचलं आणि विचारलं, यात शिवण कुठे आहे? म्हटलं, ब्रँडिंगमध्ये सगळं सांगायचं नसतं. बाई मशीनकडे वळल्या. पटलं असावं.

११ जून, दुपारी
तुफान प्रतिसाद! दारात रीघ.

११ जून, संध्याकाळी
रीघ जुने कपडे देणाऱ्यांची होती. उसवलेले स्वेटर, बाळाची झबली, एकाच पायाचा बूट. एक आजी बाईंचा गाल थोपटून गेल्या. शिवायला कोणी काही आणलं नाही. असो, सुरुवात आहे.

१५ जून
गॅरेजमध्ये मशीन दिसत नाही, गठ्ठेच दिसतात. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी पडदे दुसरीकडे शिवायला टाकले. म्हणाल्या, बिचारीला कशाला कामाला लावायचं? दिवसभर मन खातंय. पण चूक लोकांची. पाटीत व्याकरणाची एकही चूक नाही.

१६ जून
बाई म्हणाल्या, साहेब, पाटी काढा. मला बिचारी म्हणणारा माणूस पुन्हा येत नाही. आणि आला तरी कापड आणत नाही. लेक विचारते, आपण परत तंबूत जायचं का? उद्या नक्की काढतो म्हटलं.

१७ जून
शिडी सापडली नाही.

१८ जून
शिडी सापडली. पण उद्या वार्ताहर येतोय. फोटोत पाटी नको का? एका दिवसाने काय आकाश कोसळणार आहे!

१९ जून
फोटो छान आला. पाटी आणि मी. बाई गठ्ठ्यांच्या मागे राहिल्या.

२० जून
फोटो छापून आला. लगेच एकाने गादी आणून टाकली. बाईंच्या नजरेला नजर देववेना, म्हणून मागच्या दाराने बाजारात गेलो.

२१ जून
बाई गेल्या. मशीन पुसून, त्यावर कापड घालून. ही एवढंच म्हणाली, गेल्या. छावणीतच गेल्या असणार. त्या लहान पोरीसकट. माझ्यामुळे. आज एकही सबब सुचत नाही. पाटी काढली. शिडी लागलीच नाही. स्टुलावरून हात पोचला.

२६ जून
बाई छावणीत नाहीत! कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने दुकानात अर्धी जागा दिली आहे. माळ्यावरचं आपलं जुनं मशीन हिनेच नेऊन दिलं. मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाली, तुम्ही पाटी लावली असती.

माफीचं भाषण पाठ करून गेलो. चांगलं होतं, दोनदा गळा दाटून आणायची सोय होती. दुकानात गर्दी. कुणाच्या हातात ब्लाउज, कुणाच्या कोट, एकजण बाईंशी दरावरून चक्क हुज्जत घालत होता आणि बाई त्याला पुरून उरत होत्या. माझी पाळी आली. बाईंनी गळ्यातली टेप काढली. काय शिवायचंय, विचारलं. भाषण साफ विसरलो. म्हटलं, काही नाही.

म्हणाल्या, मग जरा बाजूला व्हा साहेब, मागे गिऱ्हाईक आहे.

झालो.