मुलाम्याखालचा अंगठा

सोमवार, ६ जानेवारी
नवं काम, म्हणून नवी वही. पहिल्याच दिवशी ज्ञान पाजळू नकोस, असं दीक्षाने सकाळी बजावलं होतं. पाजळलंच. मालच तसा होता, माझा काय दोष?

उलव्याला धनेश यांचा बंगला. त्यांचे वडील गोटीराम दोन महिन्यांपूर्वी गेले. शेतजमीन विमानतळात गेली तेव्हापासून म्हाताऱ्याला एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या जुन्या पिस्तुलांचा नाद लागला. परवाने चोख, हत्यारं सगळी निकामी केलेली. संग्रहालयाला देण्याआधी प्रत्येकाची ओळख पटवून यादी करायची, हे माझं काम. कामोठ्याहून जाऊन-येऊन करता येतं.

सगळ्यात देखणी एक सागवानी पेटी. आत लाल मखमल, निकेलचा मुलामा दिलेली एकच फ्रेम आणि तिच्यावर आलटून पालटून बसणाऱ्या सहा नळ्या. खीळ ढकलली की एक सुटते, दुसरी बसते. मुलामा पुन्हा चढवला असेल तर आधीच्या घासण्याने धातूवर कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात. इथे त्या अजून धारदार आहेत. म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीचा मुलामा, जसाच्या तसा. जीव हरखला. मखमलीत खाचा मात्र सात आहेत. सातवी नळी कुठे, ते धनेशना माहीत नाही.

बुधवार, ८ जानेवारी
निकेलला उघडा हात लावायचा नाही, घामाचा डाग पडतो. म्हणून दिवसभर सुती हातमोजे. आज भिंगाखाली गंमत सापडली. प्रत्येक नळीवर अंगठ्याचा एक ठसा आहे, तोही मुलाम्याच्या खाली. धातू नीट धुतला नाही की बोटाचं तेल असं अडकून राहतं. कारागिराचा आळस, असा शेरा मारला. पण सहाही ठसे वेगवेगळ्या माणसांचे दिसतात.

मोजे मळले म्हणून धुवायला घरी आणले. आमच्या संघप्रियाने ते पटकावले आणि संध्याकाळभर डॉक्टर होऊन मला तपासलं. पाच वर्षांची आहे, पण फी मागायला विसरत नाही.

शनिवार, ११ जानेवारी
फोन माझा अंगठा ओळखेना. सकाळपासून दहा वेळा. पिस्तुलं पुसायच्या औषधाने कातडी झिजली असणार. दीक्षा म्हणाली, आता बायकोने तरी ओळखावं की नको?

मंगळवार, १४ जानेवारी
धनेश यांच्या आई, भागीरथीबाई, तिळगूळ द्यायला खोलीत आल्या. मी हौसेने सहाव्या नळीवरचा ठसा दाखवला. त्यात चंद्रकोरीसारखा व्रण आहे. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि तिळगुळाची वाटी खाली ठेवली. ‘ह्यो आंगठा यांचाच हाय. भात कापताना इला लागला व्हता,’ म्हणाल्या. इला म्हणजे विळा.

मुलामा गोटीरामांच्या जन्माआधीचा आहे, हे मी समजावलं. त्यांनी ऐकलंच नाही. शेवटी शेवटी त्यांचा अंगठा गुळगुळीत झाला होता, बँकेचं यंत्रही घेईना, आणि तेव्हापासून बाराव्या दिवशी ते गेले, असं त्यांनी सांगितलं. मी हसलो. हसताना हात खिशात घातला.

बुधवार, १५ जानेवारी
सातव्या खाचेत नळी आहे.

काल नव्हती. ठशावर आडवी रेघ. शाळेत असताना पत्र्याने कापलं होतं, तीच. माझा अंगठा.

नळीला तेजाब लावलं. नळी तशीच चकचकीत. भाजला माझा अंगठा.

धनेश म्हणाले, टेन्शन नका घेऊ, लिस्ट उरका. पेटी खाडीत टाका म्हणालो, तर भागीरथीबाईंनी मान हलवली. त्यांनी आधीच दोनदा टाकून पाहिली होती. दोन्ही वेळा सकाळी कपाटात कोरडी. मी काय करू? कुणाला सांगू?

अकरापासून मोजलं. बारावा दिवस बावीस.

शुक्रवार, १७ जानेवारी
दीक्षा संघूला आधारसाठी घेऊन गेली होती. पाच पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे द्यावे लागतात. यंत्र घेईना. लहान मुलांचं होतं असं, म्हणाले.

घरी भिंग धरलं. अंगठ्यावर एकही रेघ नाही.

मोजे. ते दुर्बुद्धीचे मोजे. माझ्या हातांपासून पिस्तूल वाचावं म्हणून घालत होतो. पिस्तुलापासून हात वाचवायचे असतात, हे मनातसुद्धा — आणि घरी मीच आणले. मीच.

तिचा अंगठा कधी पुसला गेला? कोणत्या दिवसापासून मोजू?

सोमवार, २० जानेवारी
डॉक्टर हसले. मलम दिलं.

उलव्याला गेलो. मखमलीत आठवी खाच. लहान. करंगळीएवढी.

भागीरथीबाईंच्या पाया पडलो. त्या नुसत्या रडत राहिल्या.

दीक्षाला सांगितलं. विश्वास नाही — मग माझा हात पाहिला. आता आम्ही दोघं संघूजवळ बसून असतो. बाकी काय करणार.

बुधवार, २२ जानेवारी
बोटं वळत नाहीत. नखांखाली पांढरी चकाकी. पेन निसटतं —

दीक्षा, मोजे जाळ. भिंगसुद्धा — मला हात लावू नकोस —

संघू मांडीवर येऊन बसली. बाबा, तुझा हात थंड का, विचारते. माझा अंगठा मुठीत धरलाय. सोड म्हणतो, सोडत नाही. ऊब देते म्हणे. पण हिची मूठ — दीक्षा, हिची मूठ माझ्याहून थंड —