क्षीरसागर आणि रविवारची शांतता

ग्योटिंगन, मंगळवार

तीर्थस्वरूप रूप्रेख्तदादास,

धाकट्या फोल्करचा साष्टांग नमस्कार (आठांपैकी दोन अंगं, म्हणजे गुडघे, सध्या संपावर आहेत, सहांवर भागवून घे). तुझा रक्तदाब कसा आहे? वहिनींचा खोकला? मी ठीक आहे. माझ्याकडे सांभाळायला दिलेले तेवढे मेले.

आल्मुटताई तीन आठवड्यांसाठी समुद्रकाठच्या आरोग्यधामात गेली आणि एकार्टदाजींची खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या हवाली करून गेली, हे तुला ठाऊकच आहे. दाजी जाऊन पाच महिने झाले. ताई अजून रोज संध्याकाळी त्या काचेशी बोलते. टाकीत एक समुद्रफूल (नाव फुलाचं, जात प्राण्याची) आणि त्याच्या कुशीत राहणारे दोन पट्टेरी मासे. दाजी त्यांना पेटरसेन पतिपत्नी म्हणत, कारण ते दिवसभर भांडत आणि झोपताना चिकटून झोपत.

आता खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ टिमेल. टाकीचा पंप घुरघुरतो म्हणून घराची नियमावली घेऊन त्या वर आल्या. "रविवार आहे, प्रोफेसर. शांतता माशांनाही पाळू द्या की." मी लेखी कबूल केलं: रविवारी पंप बंद. (तीस वर्षं संस्कृत व्याकरण शिकवलेला माणूस सूत्रापुढे आपोआप वाकतो. अपवाद असतात, हे तो फक्त परीक्षेत विचारतो.)

परवा रविवारी जेवून बसलो, तर समुद्रफुलानं तोंड उघडून पांढरा धूर सोडला. धूर कसला, बीज. मादी शंभर कोसांत नाही, पण त्याला कोण सांगणार? बघता बघता पाणी दुधासारखं झालं आणि मी मूर्ख खुर्ची ओढून क्षीरसागराचं दर्शन घेत बसलो. पुराणात घुसळल्यामुळे विष निघालं. आमच्याकडे न घुसळल्यामुळे. पेटरसेन मंडळी वर येऊन आ वासू लागली, तेव्हा मला पंप आठवला. परवानगी मागायला खाली धावलो. पण दुपारच्या विश्रांतीत घंटा वाजवणंही नियमात बसत नाही. म्हणून रीतसर चिठ्ठी लिहिली, दाराखालून सरकवली आणि जिन्यात उत्तराची वाट पाहत बसलो. तासाभरानं फ्राऊ टिमेल चिठ्ठी घेऊन बाहेर आल्या.

"अहो, मासे मरत असतील तर विचारायचं काय त्यात?"

वर गेलो तोवर दोघं शेजारी शेजारी, पोटं वर. समुद्रफूल तेवढं टवटवीत. दोघांना फ्रीझरमध्ये मटारांशेजारी ठेवलंय, कारण माझा हात पुढे चालेना.

कीलमधल्या तुझ्या ओळखीच्या दुकानातून तसेच दोन मासे गुरुवारच्या आत आण. ताई शुक्रवारी येते. तिला कळणार नाही.

तुझा,
फोल्कर

ता. क. फ्राऊ टिमेल आलुबुखारचा केक देऊन गेल्या. पंप आता रात्रंदिवस चालतो.

आणखी ता. क. आत्ताच ताईचा फोन आला. म्हणाली, "पेटरसेनबाईंच्या डाव्या गालावरचा पट्टा तुटलाय ना, एकार्ट रोज काचेवर तिथं बोट टेकवायचा. आज माझ्या वतीनं तू टेकव."

मी फ्रीझर उघडून टेकवलं. मासे आणू नकोस, दादा. तू ये. शुक्रवारी तिला दार उघडायला मी एकटा पुरणार नाही.