बारा सुऱ्या आणि एक टोक

शनिवार, ९ ऑक्टोबर

ती. मामांना,

टेबलाला डोकं टेकवून नमस्कार. (खरोखर टेकवलं. नुसतं लिहिणं मला पटत नाही.)

चार महिने पत्र नाही, याबद्दल क्षमा असावी. 'कामाच्या गडबडीत राहून गेलं' असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. गडबड होती हे खरं, पण न लिहिण्याचं कारण ती नव्हती. कारण पत्राच्या ओघात येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे ठीक. मी जरा जास्तच ठीक आहे, कारण टायटॅनियम बरं की पोलाद या प्रश्नाचा मी कायमचा निकाल लावला आहे.

झालं असं. बोटी दुरुस्तीच्या आपल्या कारखान्यात (तुम्ही सोडून अकरा वर्षं झाली, तरी मी अजून 'मामांचे भाचे'च आहे) बारा नव्या सुऱ्या घ्यायच्या ठरल्या. एक विक्रेता येऊन बाईंना टायटॅनियमची सुरी दाखवून गेला. पिसासारखी हलकी, खाऱ्या पाण्यात महिनाभर विसरलात तरी गंजाचा ठिपका नाही. मालकीण असल्या तरी बाईंना खात्री होईना. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच ठरवा. सोमवारी मागणी नोंदवायची आहे." म्हणजे चुकीची सुरी आली तर बारा जण रोज सकाळी माझ्या नावाने दोर कापणार.

आधी मतं घेतली. बोटीखाली बुडी मारून तळ तपासणारे तिघं पाणबुडे टायटॅनियमच्या बाजूने. त्यांचं म्हणणं, पोलाद म्हणजे जावईबापू, दोन दिवस पुसलं नाही की लालेलाल. दोरकामाच्या अक्का विरुद्ध बाजूला. अक्कांनी विक्रेत्याची सुरी अंगठ्यावर फिरवली, परत दिली आणि एवढंच म्हणाल्या, "धार टिकत नाही तो चमचा."

मतांवर विसंबणं मला जमत नाही, हे तुम्ही जाणता. मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. एका बाजूला विक्रेत्याची सुरी, दुसऱ्या बाजूला तुम्ही मला दिलेली पोलादाची. (हो, तीच. इतकी खात्रीची दुसरी कुठून आणू?) ओला जाड दोर, प्रत्येकीने शंभर काप, कापणार अक्का. पण अक्कांचं मत आधीच ठरलेलं, तेव्हा कोणती सुरी कुठली हे त्यांना कळता कामा नये. म्हणून दोन्ही मुठींना सारखंच कापड गुंडाळलं. टायटॅनियम हलकं, म्हणून तिच्या कापडात शिसं भरलं. पात्यांचा रंग वेगळा, म्हणून धार सोडून दोन्ही काळी रंगवली. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावली. (का, ते पुढे.) ओळखीसाठी एकीला एक दोरा, दुसरीला दोन. कोणता आकडा कुणाचा हे मी स्वतःसुद्धा विसरावं म्हणून चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद केलं. बायको म्हणाली, "इतकी चौकशी करून लग्न करायला निघाला असतास, तर मी सुटले असते." अक्का म्हणाल्या, "ही सुरी आहे की बाळंतीण? केवढं गुंडाळलंय!"

परीक्षा झाली. मी खुर्चीवर बसून वहीत रेघा मारत होतो, अक्का पाठमोऱ्या उभ्या राहून कापत होत्या. एका दोऱ्याच्या सुरीने शंभर काप केले, दोन दोऱ्यांच्या सुरीनेही शंभर केले. बरोबरी! मग प्रश्नच मिटला. कापण्यात दोघी सारख्या, हलकेपणात आणि न गंजण्यात एक सरस, तेव्हा बाराही सुऱ्या टायटॅनियमच्या घ्याव्यात. चार पानी अहवाल लिहून मी काल दुपारी बाईंना दिला. इतक्या ठामपणे मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

काल संध्याकाळी चहाच्या वेळी अक्का सहज म्हणाल्या, "त्या दोन दोऱ्यांच्या सुरीला नऊ वेळा दगड दाखवावा लागला बरं का."

मी विचारलं, "तुम्ही मध्येच धार लावत होतात?"

"मग? बोथट सुरी हातात धरायची लाज वाटते मला."

"आणि दुसरीला किती वेळा?"

"लागलाच नाही."

तीस वर्षांची सवय. धार जरा उतरली की हात आपोआप खिशातल्या दगडाकडे जातो. मी कापांच्या रेघा मारत होतो, दगडाच्या मारायला हव्या होत्या. पाकीट फोडलं. दोन दोरे, टायटॅनियम.

आता खरा निकाल लिहितो, आणि यावर मी ठाम आहे. टायटॅनियम पोलादापेक्षा मऊ. ते वाकतं आणि परत सरळ होतं, गंजत नाही, पण धार धरून ठेवत नाही. पोलाद धार धरतं, पण त्याला रोज पुसावं लागतं आणि भलतं काम सांगितलं तर ते तुटतं. तेव्हा दोरकामाला नऊ पोलादी, पाणबुड्यांना तीन टायटॅनियमच्या. नवा अहवाल लिहून तयार आहे, उद्या सुट्टी असली तरी बाईंच्या घरी जाऊन देईन. तुमच्या सुरीने कारखान्याची लाज राखली, हे तुम्हाला आधी कळावं म्हणून हे पत्र.

आपला,
भाचा

ता.क. रंग तेलाने पुसून काढला. सुरी सुखरूप आहे.

ता.क. दुसरा. 'सुखरूप' हा शब्द तपासून पाहिला, तो टिकत नाही. जून महिन्यात मी त्या सुरीने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं आणि टोक गेलं, नखाएवढं. "सुरीने कापायचं, उचकटायचं नाही," हे तुमचं वाक्य टोक उडताना ऐकू आलं. चार महिने पत्र नाही ते यामुळे, आणि चिकटपट्टीही यामुळे. अक्कांना पट्टीने फसवता आलं नाही. "मामांची सुरी मी वीस वर्षं पाहिलीय," म्हणाल्या, "मुठीला काहीही गुंडाळा. टोकाचं त्यांना सांगितलंत का?" नवं टोक काढून द्यायला मात्र त्या तयार नाहीत. ज्याची सुरी त्यानेच काढावं, असं त्यांचं मत.

ता.क. तिसरा, आणि हेच खरं पत्र. मामा, गुडघा बरा असेल तर याल का? रागवायला येणार असलात तरी चालेल, फक्त येताना तुमचा दगड आणा.

पोलाद कसं तुटतं याचा दाखला नव्या अहवालात घातला आहे, 'एका निष्काळजी कर्मचाऱ्याने' असा.

उद्याचं काम: अहवाल देण्याआधी ते तीन शब्द खोडून तिथे माझं नाव लिहिणे.